पहाटे ५.४७ आणि नियम १२

२३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्राने टीव्ही लावला तेव्हा राष्ट्रपती राजवट उठून गेली होती आणि राजभवनात शपथविधीही उरकत आला होता. राजवट मागे घेतल्याची वेळ पहाटे ५.४७. ‘पहाटेचा शपथविधी’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून मराठीत मुक्कामाला आला. कोण कोणाला कुठे भेटले, आमदारांच्या सह्यांची यादी कोणी नेली, यावर पुढे वर्षानुवर्षे गप्पा रंगल्या. त्या गप्पांत एक कोरडा, कार्यालयीन प्रश्न बुडून गेला. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, हे तर शाळेच्या नागरिकशास्त्रातच वाचलेले असते. मग त्या रात्री केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक किती वाजता झाली?

झालीच नाही. पंतप्रधानांनी १९६१ च्या कामकाज नियमांतला नियम १२ वापरला, मंत्रिमंडळाऐवजी आपल्या एकट्याच्या मंजुरीने शिफारस राष्ट्रपती भवनात धाडली, राष्ट्रपतींनी सही केली आणि गृह मंत्रालयाने अधिसूचना काढली. मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेण्यात आली. आपल्याकडच्या सरकारी भाषेत याला ‘कार्योत्तर मंजुरी’ म्हणतात. शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीपासून राज्यातली राष्ट्रपती राजवट उठवण्यापर्यंत हा एकच शब्द चालतो.

राष्ट्रपतींच्या अधिकारांबद्दल वाद घालताना आपण राज्यघटनेची कलमे एकमेकांच्या अंगावर टाकतो. पण कार्यकारी सत्ता चालते ती कलमांच्या दोन पायऱ्या खाली, फाइलीच्या वाटेवर. ती वाट ज्या नियमांनी आखली आहे ते नियम फारसे कोणी उघडून बघत नाही. ते बघितल्याशिवाय ५.४७ चे कोडे सुटत नाही.

सुरुवात नावापासून करू. कलम ५३ म्हणते की संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे आणि ती त्यांनी स्वतः किंवा हाताखालच्या अधिकाऱ्यांमार्फत वापरायची. कलम ७७ म्हणते की केंद्र सरकारची प्रत्येक कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने व्यक्त व्हायची. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात तर ‘केंद्र सरकार’ या शब्दाची व्याख्याच ‘राष्ट्रपती’ अशी आहे. म्हणून एखादा कायदा ‘केंद्र सरकार नियम करील’ असे म्हणतो तेव्हा कागदावर ते काम राष्ट्रपतींचे असते आणि प्रत्यक्षात कुठल्या तरी मंत्रालयातल्या सहसचिवाच्या टेबलावरचे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचे आहे. कुठलाही शासन निर्णय काढा, शेवटच्या पानावर ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते आणि तिच्याखाली कक्ष अधिकारी, अवर सचिव किंवा उपसचिवाची सही. राज्यपालांनी तो कागद पाहिलेलाही नसतो. राज्यात हे कलम १६६ खाली होते, दिल्लीत कलम ७७ खाली, यंत्रणा तीच. दिल्लीत कोणी सही करायची हे आदेश प्रमाणित करण्याच्या वेगळ्या नियमांत लिहिलेले आहे. अवर सचिवाने राष्ट्रपतींच्या नावाने सही केली की तो आदेश राष्ट्रपतींनी केलेलाच नाही, या कारणावरून न्यायालयात आव्हान देता येत नाही. कलम ७७(२) मध्ये तशी सोयच आहे.

सही आणि नाव यांत चूक झाली तर काय होते, याचे उत्तर सगळीकडे सारखे नाही. प्रशासकीय आदेशात ‘राष्ट्रपतींच्या नावाने’ ही ओळ राहून गेली तर न्यायालये सहसा आदेश रद्द करत नाहीत. निर्णय योग्य अधिकाऱ्याने घेतला होता हे सरकारने फाइलीवरून सिद्ध करावे, एवढेच म्हणतात. करारात मात्र तीच चूक महागात पडते. कलम २९९ प्रमाणे केंद्राचा करार राष्ट्रपतींच्या नावाने असावा लागतो, त्यांच्या वतीने झालेला असावा लागतो आणि अधिकार दिलेल्या माणसानेच सही केलेली असावी लागते. यांतले एक जरी चुकले तर करार सरकारवर बंधनकारक राहत नाही. कंत्राटदाराने काम करून ठेवलेले असेल आणि सरकारने त्याचा लाभ घेतला असेल, तर १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम ७० खाली त्या कामाचा वाजवी मोबदला मागता येतो. करारातले दर, दंड, व्याज यांवर बोट ठेवता येत नाही. म्हणून निविदेचे कागद करताना पहिल्या पानावरचा ‘भारताचे राष्ट्रपती’ हा पक्षकार आणि शेवटच्या पानावरचे सही करणाऱ्याचे पद दोनदा तपासावे. गंमत अशी की करार राष्ट्रपतींच्या नावाने असला तरी दावा मात्र ‘भारतीय संघराज्य’ या नावानेच लावायचा असतो. कलम ३०० तसे सांगते. दाव्यात राष्ट्रपतींना प्रतिवादी करणारे अजूनही सापडतात.

आणखी एक गोष्ट, जी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या प्रकरणांत हमखास निघते. मंत्र्याने फाइलीवर ‘मंजूर’ लिहिले म्हणजे आदेश झाला, असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने बच्छित्तर सिंग प्रकरणात १९६२ मध्येच सांगून ठेवले आहे की टिपणी औपचारिक आदेशाच्या रूपात येऊन संबंधिताला कळवली जात नाही तोवर मंत्र्याला मत बदलायची मुभा आहे. माहितीच्या अधिकारात फाइलीची प्रत मिळवून ‘मंत्रिमहोदयांनी मान्य केले होते’ असे सांगणाऱ्यांची निराशा इथे होते.

आता ती दोन नियमपुस्तके. कलम ७७(३) राष्ट्रपतींना सरकारचे काम सोयीस्कर चालावे म्हणून नियम करायला आणि मंत्र्यांमध्ये कामाची वाटणी करायला सांगते. त्यातून जानेवारी १९६१ मध्ये दोन संच निघाले. एक कार्यवाटप नियम, म्हणजे कुठला विषय कुठल्या मंत्रालयाकडे. दुसरा कामकाज नियम, म्हणजे विषय आला की निर्णय कोणी घ्यायचा आणि कोणाला विचारायचे.

कार्यवाटप नियम हे केंद्रातल्या सत्तेचे सातबारा उतारे आहेत. जुलै २०२१ मध्ये वेगळे सहकार मंत्रालय झाले तेव्हा साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ‘सहकार तर राज्यांचा विषय, मग केंद्राने कायदा कधी केला?’ अशी विचारणा झाली. कायदा करायची गरजच नव्हती. कार्यवाटप नियमांच्या अनुसूचीत बदल करून राष्ट्रपतींनी सही केली की नवे मंत्रालय उभे राहते. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑनलाइन बातम्या आणि ओटीटीवरचे कार्यक्रम माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ताब्यात आले तेही असेच. ती या नियमांची तीनशे सत्तावन्नावी दुरुस्ती होती. या नोंदीने केंद्राला नवा विषय मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. केंद्राची कार्यकारी सत्ता कलम ७३ प्रमाणे संसदेच्या कायदे करण्याच्या कक्षेइतकीच पसरते. अनुसूची फक्त आतली वाटणी करते.

कामकाज नियम जास्त मजेदार आहेत. मूळ तत्त्व साधे: आपल्या खात्याचे काम खात्याच्या मंत्र्याने निकाली काढायचे. मग अपवाद सुरू होतात. दुसऱ्या खात्याशी संबंध येत असेल तर त्याला विचारल्याशिवाय आदेश नाही. पैसा लागत असेल तर अर्थ खात्याच्या पूर्वसंमतीशिवाय आदेश नाही. दुसऱ्या अनुसूचीतले विषय मंत्रिमंडळापुढे न्यायचेच: कायद्याची विधेयके आणि अध्यादेश, परदेशांशी करार, दोन मंत्र्यांमध्ये मतभेद झालेली प्रकरणे, अर्थमंत्र्यांनी नकार दिलेली प्रकरणे, मंत्रिमंडळाचा आधीचा निर्णय फिरवणे, आणि कलम ३५२ ते ३६० खालच्या उद्घोषणा. राष्ट्रपती राजवट या शेवटच्या खान्यात येते. ती लावणेही आणि उठवणेही.

मंत्रिमंडळापुढे जायची वाट कशी असते? खाते मसुदा टिपणी तयार करते. ती संबंधित सर्व मंत्रालयांना अभिप्रायासाठी जाते. खर्च असेल तर व्यय विभाग, कायदा असेल तर विधी मंत्रालय यांना टाळता येत नाही. अभिप्राय आले की ते टिपणीत घालायचे आणि प्रत्येकावर खात्याचे उत्तर लिहायचे. मंत्र्यांच्या मान्यतेनंतर टिपणी मंत्रिमंडळ सचिवालयात जाते. तिथे छाननी होते आणि विषय मंत्रिमंडळापुढे किंवा त्याच्या एखाद्या समितीपुढे लागतो. वरिष्ठ नेमणुकांच्या समितीत सध्या दोनच सदस्य आहेत: पंतप्रधान आणि गृहमंत्री. ‘समिती’ या शब्दाला एवढा विनोद पुरे.

टिपणी अडकण्याची कारणे ठरलेली असतात. एखादे मंत्रालय विचारायचे राहून गेलेले असते आणि ते नेमके विरोध करणारे निघते. अभिप्राय जसाच्या तसा न देता सौम्य करून घातलेला असतो. खर्चाचा आकडा पहिल्या वर्षाचाच असतो, पुढच्या वर्षांच्या आवर्ती खर्चाचा नसतो. आणि सर्वांत घातक चूक म्हणजे शेवटचा परिच्छेद, ज्यात मंत्रिमंडळाकडून नेमके काय मंजूर करून हवे ते लिहायचे असते, तो ढिला असतो. मंत्रिमंडळ वीस पानांच्या विवेचनाला मंजुरी देत नाही, या परिच्छेदाला देते. पुढे निघणारा आदेश त्याच्या शब्दांबाहेर गेला की लेखापरीक्षणाचे आक्षेप आणि न्यायालयीन प्रकरणे तिथूनच सुरू होतात.

या सगळ्या वाटेला आठवडे किंवा महिने लागतात. घाई असेल तर तासाभरात मंत्रिमंडळ बोलावता येते. १२ नोव्हेंबर २०१९ ला तसे झालेही होते. राज्यपालांचा अहवाल आला, दुपारी मंत्रिमंडळ बसले, संध्याकाळी राष्ट्रपतींची सही झाली आणि महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट लागली. म्हणजे राजवट लावताना नियमातली वाट वापरली गेली आणि अकरा दिवसांनी उठवताना आडवाट.

ती आडवाट म्हणजे नियम १२. त्याचा मजकूर एका वाक्याचा आहे: पंतप्रधान कोणत्याही प्रकरणात किंवा प्रकरणांच्या वर्गात, त्यांना आवश्यक वाटेल तितपत, या नियमांपासून फारकत घ्यायला परवानगी देऊ शकतात किंवा झालेली फारकत क्षमापित करू शकतात. दोन्ही क्रियापदे महत्त्वाची आहेत. पहिल्याने आधी सूट मिळते, दुसऱ्याने झालेली चूक नंतर झाकता येते. कारण नोंदवायची सक्ती मजकुरात नाही. ‘अतितातडी’ हा शब्दही नाही. तातडी असावी हा संकेत आहे, नियम नाही.

या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध वापर २०१९ चा नव्हे. २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना आणीबाणीच्या शिफारशीचे पत्र पाठवले, त्यातच हे लिहिलेले होते: आज रात्री मंत्रिमंडळ बोलावणे शक्य नाही, म्हणून नियम १२ खालच्या अधिकाराने मी नियमांपासून फारकत घेत आहे, उद्या सकाळी पहिल्यांदा हा विषय मंत्रिमंडळापुढे मांडीन. मध्यरात्रीच्या आत सही झाली. मंत्रिमंडळाला सकाळी सहाला बोलावून कळवण्यात आले. ज्या देशाच्या मंत्रिमंडळात तेव्हा दिग्गज मंत्री होते, त्यांच्यापुढे झालेली गोष्ट मांडली गेली.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने यावर औषध काढले आणि ते फार हुशारीने काढले. नियम १२ ला हात लावला नाही. कलम ३५२ मध्येच लिहून टाकले की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची उद्घोषणा करायची नाही. ‘केंद्रीय मंत्रिमंडळ’ हा शब्द राज्यघटनेत आला तो या दुरुस्तीने. त्याआधी सगळीकडे ‘मंत्रिपरिषद’ होती. आता पंतप्रधानांनी नियम १२ कितीही वापरला तरी आणीबाणी एकट्याच्या पत्रावर लागू शकत नाही, कारण नियमातून सूट देता येते, घटनेतून नाही.

हाच उपाय राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ ला लावला गेला नाही. तिथे मंत्रिमंडळाची अट फक्त कामकाज नियमांच्या अनुसूचीत आहे. ५.४७ चे कोडे इथे सुटते. एखादा लगाम घटनेत आहे, कायद्यात आहे की नियमात, हे आधी बघावे. नियमात असेल तर त्याची दुसरी बाजू पंतप्रधानांच्या हातात आहे असे समजावे. राष्ट्रपती राजवट लावली तर दोन महिन्यांत संसदेची मान्यता लागते. उठवायला तीही लागत नाही, कलम ३५६(३) मध्ये तसा अपवाद आहे. म्हणजे उठवण्याच्या उद्घोषणेला ना संसदेच्या मान्यतेची अट, ना घटनेने सक्तीची केलेली मंत्रिमंडळाची बैठक. राष्ट्रपतींची सही एवढाच टप्पा उरतो.

आणि राष्ट्रपतींनी त्या टप्प्यावर काय करायचे? मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याबद्दलच्या कलम ७४ चा इतिहास इथे उपयोगी पडतो. १९७४ मध्ये समशेर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितले की घटनेत जिथे राष्ट्रपतींचे ‘समाधान’ असा शब्द आहे तिथे तो मंत्रिपरिषदेच्या समाधानाबद्दल आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने सल्ला बंधनकारक असल्याचे कलमातच घातले. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एक फट उघडली: राष्ट्रपती सल्ल्याचा फेरविचार करायला सांगू शकतात. एकदाच. तोच सल्ला परत आला तर सही करायची.

दर सल्ल्यामागे एकदाच मिळणारा हा बाण के. आर. नारायणन यांनी दोनदा नेमका मारला. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. त्यांनी परत पाठवली, मंत्रिमंडळाने नाद सोडला. १९९८ मध्ये वाजपेयी मंत्रिमंडळाची बिहारबाबतची शिफारसही परत गेली. काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, ती पुन्हा आली तेव्हा त्यांनी सही केली. मात्र राज्यसभेत संख्याबळ नाही हे दिसल्यावर सरकारलाच ती मागे घ्यावी लागली. दोन्ही वेळा खरा परिणाम नकाराचा नव्हता. परत आलेल्या फाइलीची बातमी झाली, मंत्रिमंडळाला आपली कारणे पुन्हा मांडायची वेळ आली आणि ती पुरेशी भक्कम नव्हती.

याची उलट बाजूही आहे. मे २००५ मध्ये बिहार विधानसभा बरखास्त करायची शिफारस रात्री तयार झाली तेव्हा राष्ट्रपती अब्दुल कलाम मॉस्कोत होते. कागद फॅक्सने गेले, सही फॅक्सने आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली, सविस्तर कारणे पुढच्या जानेवारीत दिली. पण तोवर नव्या निवडणुकीची प्रक्रिया सुरू झाली होती, त्यामुळे जुनी विधानसभा परत आली नाही. रात्री, परदेशात, फॅक्सवर फेरविचाराचा अधिकार वापरायचा म्हणजे नेमके काय करायचे, यावर घटनेचे कुठलेही भाष्य मदत करत नाही. राष्ट्रपती राजवटीबद्दलच्या बोम्मई निकालाने १९९४ मध्ये एवढे केले आहे की सल्ला काय दिला हे न्यायालय विचारत नसले तरी सल्ल्यामागची सामग्री मागवून तपासू शकते. त्यामुळे राज्यपालांच्या अहवालात काय लिहिले आहे याला आज पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे.

फेरविचारापेक्षा प्रभावी आणि कमी दिसणारे हत्यार म्हणजे प्रश्न विचारणे. कलम ७८ प्रमाणे राष्ट्रपती मागतील ती माहिती पंतप्रधानांनी द्यायची असते. एखाद्या मंत्र्याने एकट्याने घेतलेला निर्णय मंत्रिपरिषदेपुढे ठेवायलाही राष्ट्रपती सांगू शकतात. सप्टेंबर २०१३ मध्ये दोषी लोकप्रतिनिधींना अपात्रतेपासून वाचवणारा अध्यादेश मंत्रिमंडळाने मंजूर करून पाठवला. प्रणव मुखर्जींनी तो परत केला नाही, नाकारलाही नाही. गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे आणि विधिमंत्री कपिल सिब्बल यांना बोलावून ‘एवढी घाई का?’ अशी विचारणा केली. दुसऱ्याच दिवशी सत्ताधारी पक्षातूनच त्याविरुद्ध आवाज उठला आणि २ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने अध्यादेश मागे घेतला. राष्ट्रपती भवनातून एकही लेखी आक्षेप बाहेर आला नव्हता.

तिसरे हत्यार वेळ. विधेयकांच्या बाबतीत ते सर्वांत स्पष्ट दिसते. कलम १११ म्हणते की संमती द्यावी, रोखावी, किंवा धनविधेयक नसेल तर ‘शक्य तितक्या लवकर’ परत पाठवावे. परत पाठवलेले विधेयक संसदेने पुन्हा मंजूर केले तर संमती रोखता येत नाही. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचे विधेयक परत पाठवले, संसदेने ते तसेच्या तसे पुन्हा पाठवले आणि त्यांना सही करावी लागली. झैलसिंग यांनी आधी वेगळी वाट घेतली होती. टपाल पाहण्याचा अधिकार सरकारला देणारे १९८६ चे विधेयक त्यांनी संमत केले नाही, नाकारले नाही, परतही पाठवले नाही. ठेवून दिले. अमेरिकेच्या अध्यक्षांना रविवार वगळून दहा दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. आपल्याकडे तशी मुदत नाही. राज्यपाल आणि राष्ट्रपती यांना मुदत घालून देण्याचा एक प्रयत्न एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी तमिळनाडू प्रकरणात केला. त्यावर राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली सर्वोच्च न्यायालयालाच चौदा प्रश्न विचारले आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात घटनापीठाने मत दिले की न्यायालयाला ठरावीक मुदत घालता येत नाही आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असे मानताही येत नाही.

वेळ हे हत्यार दोन्हीकडून कापते. फाशीच्या कैद्यांचे दयेचे अर्ज कलम ७२ खाली गृह मंत्रालयाच्या सल्ल्याने निकाली निघतात आणि तिथे वर्षानुवर्षे पडून राहतात. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान प्रकरणात पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. बहुतेकांच्या बाबतीत कारण होते हा विलंब. फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती याचे तक्तेच निकालपत्रात सापडतात.

अध्यादेशांबद्दल पुण्याच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. कलम १२३ प्रमाणे दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू असेल तो काळ सोडून अध्यादेश निघतो आणि सभागृह भरल्यापासून सहा आठवड्यांत तो संपतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नसावे, म्हणून एका अध्यादेशाचे आयुष्य ताणून साडेसात महिन्यांच्या आसपास. राज्यपालांना हाच अधिकार कलम २१३ खाली आहे. गोखले इन्स्टिट्यूटमधले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहारचे राजपत्र चाळून दाखवले की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, काही तर चौदा वर्षांपर्यंत. डिसेंबर १९८६ मध्ये घटनापीठाने हा प्रकार घटनेशी केलेली लबाडी ठरवला. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांनी आणखी पुढे जाऊन सांगितले की अध्यादेश सभागृहापुढे न मांडणे हाही घटनाभंग आहे. त्या सगळ्याचे मूळ एका संशोधकाने चिकाटीने वाचलेल्या राजपत्रांत होते.

राजपत्र वाचायची सवय खरेच लावून घ्यावी. पहिली ओळ बघावी: कोणत्या कलमाने दिलेला अधिकार वापरला आहे. मग तळाची सही. अध्यादेश आणि कलम ३५६ ची उद्घोषणा यांवर राष्ट्रपतींचे स्वतःचे नाव असते आणि त्याखाली सचिवाचे. बाकी बहुतेक आदेशांवर फक्त अधिकाऱ्याचे. मग तारीख. नियम १२ वापरला होता की नाही हे मात्र राजपत्रात कधीच लिहिलेले नसते. ते फाइलीत असते, आणि बाहेर येते ते सरकारने सांगितले तरच.

२३ नोव्हेंबर २०१९ च्या त्या शपथविधीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात सुटीच्या दिवशी, रविवारी ऐकली गेली. मंगळवारी, २६ तारखेला आदेश झाला: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत चाचणी, गुप्त मतदान नाही, थेट प्रक्षेपण. त्याच दुपारी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्या आदेशात न्यायालय नियम १२ मध्ये शिरलेच नाही, आणि चाचणीच झाली नाही म्हणून पुढे शिरायची वेळही आली नाही. ५.४७ ची अधिसूचना राजपत्रात आहे, आणि नियम १२ चे ते एक वाक्यही जागच्या जागी आहे.